बेचाळीस गाठी

मी एक जुनी ट्रेडल आहे. ट्रेडल म्हणजे पायानं चालवायची छपाईची मशीन. किती जुनी, ते मलाही नीट ठाऊक नाही. अंगावर ओतणाऱ्या कारखान्याचं नाव होतं, ते रॉकेलच्या बोळ्यानं पुसून पुसून सपाट झालं. मुक्काम वारूळवाडी, पत्र्याची खोली, कांद्याच्या गोण्यांमागं. सोमवारी आळेफाट्याचा मोडवाला, म्हणजे भंगारवाला, टेम्पो घेऊन येणार आहे. म्हणून मित्रांनो, जे सांगायचं ते आज सांगून टाकते. मध्येच कंटाळा आला तर उठून जा बापडे. मला सवय आहे.

माझा जन्म पंजाबात कुठंतरी झाला. तिथून पुण्यात आले आणि एका बोळात बरीच वर्षं लग्नपत्रिका छापल्या. किती जणांची लग्नं लावली याचा हिशेब नाही, पण अक्षता म्हणून चार दाणे कुणी माझ्या अंगावर टाकले नाहीत. मग एक्क्याण्णव साली आबा मला घ्यायला आले. पांढरा सदरा, पायात गावठी वहाणा, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माझ्याखाली अंथरायला भाताचा पेंढा. मला कुणी पेंढ्यावर बसवून आणलं नव्हतं कधी.

आबांचं नाव सावळाराम. आंबेगाव तालुक्यात वर डोंगराच्या अंगाला, घोड नदीच्या काठी त्यांचं गाव. बेचाळीस घरांचं. ते गाव धरणात जाणार होतं. भरपाई मिळाली तेव्हा लोकांनी कुठं दोन, कुठं तीन एकर जमीन घेतली. आबांनी मला घेतलं.

"जमीन दिली आन् लोखंड आणलं, राव," लोक हसायचे. "काय पिकवणार ह्याच्यात?"

आबा म्हणायचे, "जमिनीवर पाणी येतं. छापलेल्यावर येत न्हाई."

हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते विसरता आलेलं नाही.

आबांनी इथं साप्ताहिक काढलं, 'मीनेची हाळी'. मीना म्हणजे इथली नदी. चार पानं, दर गुरुवारी. आबाच संपादक, आबाच बातमीदार, आणि अंक सायकलला लावून नारायणगाव स्टँडवर नेणारेही आबाच. खिळे जुळवायला जुन्नरचा दस्तगीर होता. रोज पहिल्या एसटीनं यायचा, आला की आधी माझ्या चाकाला हात लावायचा आणि मग चहा घ्यायचा. द्राक्षांचे भाव, ओझरच्या गणपतीची माघातली जयंती, पिंपळवंडीच्या उसात दिसलेला बिबट्या, कुणाचा मुलगा फौजदार झाला, सगळं माझ्या अंगावरून गेलं. आणि शेवटच्या पानावर आबांची एक कविता. लोक अंक मागून वाचतात हे ऐकलं होतं. शेवटच्या पानापासून वाचतात हे मी इथंच पाहिलं.

आता तुम्हाला माझं काम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अक्षरं म्हणजे शिशाचे छोटे छोटे खिळे. एकेक अक्षर खान्यातून उचलायचं, ओळीत उभं करायचं, तेही उलटं. ओळींचं पान झालं की भोवती सुतळी गुंडाळून गाठ मारायची, म्हणजे ते सांडत नाही. मग ते चौकटीत कसून माझ्यात बसवायचं, शाई लावायची, छापायचं. छापून झालं की गाठ सोडायची आणि एकेक खिळा ज्याच्या त्याच्या खान्यात परत टाकायचा. गाठ मारा, छापा, गाठ सोडा. माझं सगळं आयुष्य एवढ्यात आलं.

ते दिवस बरे होते, उगाच कशाला नाही म्हणू. जुन्नरला आबांना शाल आणि नारळ मिळाला, तेव्हा पेपरवाल्यांनी आबांना माझ्या शेजारी उभं करून फोटो काढला. फोटोत माझं निम्मं चाक आलं. दस्तगीरनं तो चौकटीत घालून भिंतीला लावला आणि मग चाकाला आणखी थोडं तेल दिलं.

मग धरणात पाणी चढलं आणि गाव गेलं. त्या आठवड्याचा अंक निघाला नाही, आबा गावातलं बिऱ्हाड इकडं हलवत होते. पुढच्या आठवड्यात आबांनी खिळ्यांसमोर उभं राहून एक नवीन कविता जुळवायला घेतली. आबांची एक खोड होती. कविता ते कागदावर लिहीतच नसत. ओठात पुटपुटत थेट खिळे उचलायचे. उलटं वाचायची त्यांना इतकी सवय झाली होती की सुलटं छापून बघायची गरजच वाटत नसे. ही कविता म्हणजे आख्खं गाव होतं. वरच्या आळीपासून नदीपर्यंत ज्या ओळीनं घरं होती, त्याच ओळीनं एकेका घराची एकेक कविता. पहिलं घर बहिरूचं. ते मला पाठ आहे:

बहिरूच्या दाराला कडी नव्हती.
चोर येत नव्हते म्हणून नव्हे,
बहिरूला कुणाला 'थांब' म्हणता येत नव्हतं म्हणून.

एक घर झालं की आबा सुतळीनं बांधून, कागदात गुंडाळून खालच्या फळीवर ठेवायचे. छापायचे नाहीत.

"आबा, निदान एक प्रूफ तरी काढू," दस्तगीर म्हणायचा. "उद्या काय झालं तर?"

"आपलं अर्धं गाव आधी उठवलं, अर्धं मागनं," आबा म्हणायचे. "अर्धी माणसं एका वसाहतीत गेली, अर्धी दुसरीकडं. आता मी बी तसंच अर्धं अर्धं छापू व्हय? छापलं तर सगळं गाव एकदमच."

लग्नसराई आली की दस्तगीरचा जीव जायचा. खिळे काय पायलीनं मिळत नाहीत. जेवढे होते तेवढेच, आणि दर महिन्याला त्यातले मूठमूठ फळीवर जाऊन बसत. "निम्मी अक्षरं तुमच्या गावात जाऊन राह्यलीत, आबा. मी पत्रिका काय तोंडानं छापू?" मग तो नवरीचं नाव एका ठशात आणि नवऱ्याचं दुसऱ्या ठशात बसवायचा. लोकांना वाटे, ही नवीन फॅशन आहे.

पुढं कॉम्प्युटर आला. अंक मंचरला ऑफसेटवर छापू लागले. मी म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. दहावा उजाडला, शंभरावा उजाडला, अंक काही माझ्याकडं परत आला नाही. मला पावतीपुस्तकं आणि दशक्रियेची पत्रकं तेवढी उरली, मग तीही गेली. तक्रार करत नाही. पण दिवसभर गोण्यांना टेकून उभं राहणं म्हणजे काय, ते उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आबा मात्र रोज यायचे, आपलं घर जुळवायचे. आठ वर्षं चाललं ते. दोन हजार एकच्या श्रावणात बेचाळिसावं घर बांधून झालं. दसरा झाला की छापायला घ्यायचं ठरलं. दस्तगीरनं कागदसुद्धा आणून ठेवला.

भाद्रपदात आबा पडले. उजवं अंग गेलं, वाचा गेली, शुद्ध गेली. पुण्याच्या दवाखान्यात नेलं. लेक वृषाली तिकडं त्यांच्याजवळ, आणि सारजाबाई, म्हणजे आबांची बायको, इकडं म्हशीपाशी एकटी.

खंडेनवमीला दरवर्षी माझी पूजा असे. सगळे खिळे धुऊनपुसून लख्ख करायचे, मला हळदीकुंकू, झेंडूचा हार. हार दस्तगीरच गुंफायचा, आणि आबांपेक्षा बरा गुंफायचा. त्या वर्षी तो आबांना बघायला पुण्याला गेला होता. पूजेला सारजाबाई आली. सकाळची वेळ. तिला अक्षर ओळखीचं नव्हतं. छापखान्यात ती भाकरी ठेवायला उंबऱ्यापर्यंत यायची, तेवढंच.

आपल्याकडं एक रीत आहे, तुमच्या आजीला विचारा. घरातलं माणूस अडकलं, बाळंतीण अडली, कुणाचा जीव घुटमळला, की घरातल्या गाठी सोडतात. सारजाबाईनं घरच्या सगळ्या सोडल्या होत्या. बोचकी सोडली, कपड्यांची दोरी सोडली, म्हशीचं दावं सोडून तिला मोकळं केलं. आणि इथं येऊन मला कुंकू लावताना तिला खालची फळी दिसली. एक नाही, दोन नाही, बेचाळीस गाठी. तिच्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं मारलेल्या.

ती खाली बसली. "आगं माझे आई," एवढंच म्हणाली, "ह्यात अडकलंय व्हय माणूस."

एकेक गाठ तिनं नखानं, दातानं सोडली. सुतळ्या शाईनं कडक झाल्या होत्या, तिची बोटं सोलली. सुटे झालेले खिळे तिनं रॉकेलात धुतले, पदरानं पुसले, पितळेच्या परातीत ओतले. वर हळद वाहिली, झेंडू वाहिले. बहिरूचं घर, अंबाबाईचं घर, चिमाजीचं घर, सगळं एका परातीत. मी बघत होते. एवढी मोठी लोखंडाची, पण मला कुठं तोंड आहे? जाताना तिनं माझ्या चाकाला डोकं टेकलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. दस्तगीर हार घेऊन आला आणि परात बघून दारातच थांबला. मग सारजाबाई आली, चेहरा उजळलेला. "दस्तगीरभाऊ, काल सांजच्याला निरोप आला. ह्यांनी डोळं उघडलं. पाणी मागितलं."

दस्तगीरनं हार खाली ठेवला. "वहिनी," तो म्हणाला, "त्यो तुमचा गाव व्हता."

तो काय म्हणतो हे तिला कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर ती रडली नाही. परातीपाशी बसली आणि एकेक खिळा उचलून बघू लागली, जणू कोणता कुणाच्या घरचा ते ओळखू येणार होतं.

आबा दिवाळीत घरी आले. दस्तगीर म्हणाला, मी सांगतो. सारजाबाई म्हणाली, "न्हाई. सोडला मी, सांगन मी." आबांना खुर्चीत बसवून इथं आणलं होतं, तेव्हा माझ्यासमोरच तिनं सांगितलं. आबांनी फळीकडं बघितलं. आठ वर्षं, मित्रांनो. माणूस किती बोलला असता. पण आबांची जीभ अजून जड होती. त्यांनी तिचा हात ओढून घेतला, बोटं बघितली आणि तुटक तुटक म्हणाले, "म्हंजी... तू सोडल्यास... म्हणून मी आलो." मग तोंड फिरवून बसले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मी पुष्कळ माणसं पाहिली, पण एवढं मोठं नुकसान कुणी इतकं हळू आवाजात सोसलेलं पाहिलं नाही.

आबा पुढं खिळ्यांच्या वाटेला जाईनात. डोक्यातून ओळी पुसल्या होत्या. संक्रांतीनंतर सारजाबाईच एक दिवस पदर खोचून आली. "दस्तगीरभाऊ, मला शिकवा. आन् तुमी, बसा हितं. पयलं घर कुणाचं?"

तिला शिकवणं दस्तगीरला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. सुलटं अक्षर तिला ठाऊकच नव्हतं, त्यामुळं उलट्याची अडचण नव्हती. हा विळा, हा आकडा, ही पायरी, असं म्हणत ती खाने ओळखू लागली. आबा एकेक शब्द सांगायचे, ती उचलायची. मध्येच भांडायची. "चिमाजीच्या दारात चिंच नव्हती. बोर व्हती. काटा माझ्या पायात मोडलाय, तुमच्या न्हाई." पहिल्यासारख्या ओळी येत नव्हत्या. आबांना ते कळत होतं, मलाही. पण या वेळी तिनं एक अट घातली. घर जुळलं की लगेच छापायचं. "अर्धं तर अर्धं. छापा." दस्तगीरनं पायटा मारला, आणि तीन वर्षांनी माझं चाक पुन्हा फिरलं. गुडघे दुखले म्हणा, पण बरं वाटलं.

नऊ घरं झाली. मग दोन हजार चारच्या उन्हाळ्यात आबांनी मधली सगळी घरं ओलांडून शेवटचं घर स्वतः जुळवायला घेतलं. स्वतःचं. डाव्या हातानं, एकेक खिळा. पंधरा दिवस लागले. गाठ सारजाबाईनं मारली.

"हे शेवटी छापायचं," आबा म्हणाले. "आपुन गावातनं शेवटी निघालो व्हतो."

पावसाळा संपता संपता आबा गेले. दशक्रियेला मीनेच्या काठी सगळ्या वसाहतींतली माणसं टेम्पो करून आली होती. दस्तगीरनं मला नंतर सांगितलं, त्याला एकट्यात माझ्याशी बोलायची सवय आहे. त्यानं त्या नऊ घरांचे कागद लोकांच्या हातात दिले. माणसं वाचायला लागली. ज्याचं घर होतं तो कागद घडी करून खिशात घालायचा. मग इंद्रायणी नावाच्या एका बाईनं सगळे कागद उलटसुलट केले आणि विचारलं, "आमचं घर न्हाई व्हय ह्यात?"

सारजाबाई पुढं आली आणि म्हणाली, "व्हतं, बाई. ह्यांनी बांधलं व्हतं. मी सोडलं. तू ये वारूळवाडीला. तू सांग, मी जुळवते."

आणि इंद्रायणी आली. मागोमाग बाकीचे आले. कुणी म्हातारा सांगायचा, कुणी सून सांगायची. सारजाबाई जुळवायची, दस्तगीर छापायचा. एकवीस घरं झाली अशी. त्या कविता नव्हत्या, हे मी स्पष्ट सांगते. आबांच्या ओळी गेल्या त्या गेल्या. 'आमच्या घरात चार खण, दोन म्हशी, आजा दम्यानं गेला' असं होतं ते. पण घेऊन जाणारी माणसं ते कागद कोरं कापड घेऊन जावं तसे दोन्ही हातांवर घेऊन जायची. अकरा घरांचं मात्र सांगायला कुणीच उरलं नव्हतं.

मग आबांचं शेवटचं पान माझ्यात बसवलं, आणि छापायच्या आतच, दोन वर्षांमागं, उंदरांनी माझे शाईचे रूळ कुरतडले. रूळ सरसाचे आणि गुळाचे असतात, उंदरांना लई गोड. तसे रूळ आता कोण ओतत नाही. तेव्हापासून मी नुसती उभी. पोरं येऊन चाकाला लोंबकळतात, कांद्याची धूळ बसते, एक कोंबडी शाईच्या थाळीवर अंडं घालून जाते. मोडवाला तीनदा येऊन गेला. सारजाबाई त्याला दरवेळी एकच सांगायची, "एक घर ऱ्हायलंय." रोज ती यायची, माझ्यात बसवलेल्या त्या शेवटच्या पानाच्या खिळ्यांवरून बोट फिरवायची आणि गाठ चाचपून बघायची. सैल झाली नाही ना, एवढंच.

आज सकाळी दस्तगीर आला. पिशवीत शाईची डबी, कपड्याचा बोळा आणि ओला केलेला कागद. "वहिनी, मशीन चालत नसली तर नसू द्या. हातानं काढू." एवढी साधी गोष्ट, आणि आम्हा कुणाला सुचली नव्हती. त्यानं बोळ्यानं खिळ्यांना शाई लावली. सारजाबाईनं कागद अंथरला आणि भाकरी थापावी तशी तळहातानं थापून थापून दाबला. मग सोलून काढला. कागदावरची सुलटी अक्षरं तिला वाचता येत नाहीत. दस्तगीरनं चष्मा पुसला आणि वाचलं:

आमचं घर शेवटचं, त्यापुढं नदी.
उंबरा उतरता, सांडलेलं पाणी बाहेर जायचं.
सारजा म्हणायची, आपल्या घरचं पाणी नदीला जातं.

चौथी ओळ त्याच्या आधी सारजाबाईच म्हणाली. दोन वर्षं बोटानं वाचत होती ती.

मग एका साली नदीनं ते सगळं परत आणून दिलं.

मग सारजाबाईनं कागद हातात घेतला आणि म्हणाली, "उंबरा उतरता न्हवता. ह्यांनीच वाकडा तासला व्हता."

मित्रांनो, मोडीत जाताना मी तुमच्याकडं काही मागावं असं नाही. मला तेल नको, हार नको. पण तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस काही सांगत असेल, तर सगळं कळेपर्यंत थांबू नका. आबा थांबले. आजच विचारा. अर्धंमुर्धं सांगितलं, वेडंवाकडं सांगितलं, तरी तेवढं लगेच कागदावर उतरवून ठेवा, आणि एक नाही, दोन प्रती करा. कवितेसारखं झालं नाही तरी चालेल. इंद्रायणीला चाललं.

दुपारी दस्तगीर त्या कागदाच्या प्रती काढायला आणि मोडवाल्याला सोमवारचा निरोप धाडायला नारायणगावला गेला. सारजाबाई मागं थांबली. तिनं माझ्यातलं पान बाहेर घेतलं, मांडीवर ठेवलं, आणि नखानं गाठ सोडायला लागली. घाई केली नाही. खिळे एकेक करून ज्याच्या त्याच्या खान्यात टाकले, एकही चुकला नाही. सुतळी गुंडाळून कनवटीला लावली. मग माझ्या चाकावर हात ठेवून म्हणाली, "झालं गं बाई. जा आता तू."

सोमवारी टेम्पो येईल. येऊ दे.